खोल समुद्रात छिद्र पुन्हा सापडत नाही? कॅमेरा आणि सोनार वापरताना या चुका टाळा

विजयदुर्गहून सरळ पश्चिमेला सुमारे 475 किलोमीटरवर लक्ष्मी खोरं आहे. 2015 मध्ये ‘जॉयडेस रिझोल्यूशन’ या जहाजाने तिथे वैज्ञानिक खोदकाम केलं, तेव्हा एका जागी पाण्याचीच खोली 3,640 मीटर होती. इतक्या खोलवर बिट, म्हणजे पाइपच्या टोकाचं खोदणारं पातं, झिजलं की सगळा पाइप वर ओढायचा, बिट बदलायचं आणि पुन्हा त्याच छिद्रात उतरायचं. त्यासाठी छिद्राच्या तोंडावर साधारण साडेतीन-चार मीटर व्यासाचा पोलादी शंकू बसवलेला असतो. हा शंकू शोधायला कॅमेरा, दिवे आणि फिरता सोनार (आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून चित्र काढणारं उपकरण) लावलेली चौकट ड्रिल पाइपच्या बाहेरून, जहाजाच्या मधल्या खुल्या विहिरीतून, म्हणजे मूनपूलमधून, स्वतंत्र केबलवर खाली सोडतात.

सर्वांत महाग पडणारी चूक दिशेची असते. सोनारच्या पडद्यावरची वरची बाजू म्हणजे जहाजाचं नाक, असं गृहीत धरून जहाज हलवलं जातं आणि शंकू आणखी लांब जातो. चौकट पाइपभोवती फिरू शकते. तिच्यावर चुंबकीय होकायंत्र असलं तरी शेजारच्या पोलादी पाइपमुळे त्याचं वाचन बिघडतं. म्हणून आधी पडताळा घ्या: जहाज ठरलेल्या दिशेला, समजा उत्तरेला, 5 मीटर सरकवा आणि तळावरचा प्रतिध्वनी पडद्यावर कुठे सरकतो ते पाहा. जहाज उत्तरेला गेलं की तळ उलट बाजूला सरकल्यासारखा दिसतो, म्हणून प्रतिध्वनी ज्या बाजूला जाईल ती दक्षिण. चौकट पुन्हा फिरली असा संशय आला तर हेच परत करा.

दुसरी चूक घाईची. साडेतीन किलोमीटर लोंबणाऱ्या पाइपचं खालचं टोक जहाजाबरोबर लगेच हलत नाही, त्याला काही मिनिटं लागतात. चित्र हललं नाही म्हणून आणखी 10 मीटर, मग आणखी 10 मीटर असं केलं की बिट शंकू ओलांडून पलीकडे जातं आणि लोलकासारखं हेलकावत राहतं. एक छोटी हालचाल करा, चित्र स्थिर होईपर्यंत थांबा, मगच पुढची.

सोनारचं चित्रसुद्धा थोडं शिळं असतं. 50 मीटर पल्ल्यावर आवाज जाऊन परत यायला सुमारे 0.067 सेकंद लागतात. 1.8 अंशांच्या टप्प्याने पूर्ण वर्तुळ म्हणजे आवाजाचे 200 स्पंद, म्हणजे 13 सेकंदांहून जास्त. शंकू दिसला की पल्ला 20 मीटरवर आणा आणि फक्त 90 अंशांचा भाग फिरवा; चित्र दीड सेकंदाच्या आत ताजं होतं. पाइपमागे मात्र सोनारला काहीच दिसत नाही. त्या आंधळ्या पट्ट्यात शंकू लपलेला असू शकतो.

ध्वनीच्या वेगावर लोक विनाकारण वेळ घालवतात. प्रत्यक्षात 1,518 असताना 1,500 मीटर प्रति सेकंद धरले, तर 30 मीटरवर फरक जेमतेम 36 सेंटीमीटर. हा वेळ दिशेच्या पडताळ्याला द्या.

कॅमेऱ्यात नुसता पांढुरका धूर दिसत असेल तर बहुतेक वेळा बिट तळाला टेकलेलं असतं किंवा पंप चालू असतो. पंप बंद करा, बिट 3-5 मीटर वर घ्या आणि गाळ प्रवाहाबरोबर वाहून जाऊ द्या. दिव्यांचा प्रकाश वाढवला तर गाळाचे कण आणखी चमकतात. दिवे भिंगापासून शक्य तितके बाजूला आणि तिरपे हवेत.

काचेच्या आतून धुकं आलं असेल तर दोष डेकवरचाच. 30 अंशांच्या दमट हवेत कॅमेऱ्याचा जलरोधक डबा बंद केला आणि 2 अंशांच्या आसपासच्या पाण्यात सोडला, की आतल्या बाष्पाचं पाणी होणारच. बंद करण्यापूर्वी आत कोरडा नायट्रोजन भरा, सिलिका जेलची पुडी ठेवा. ओ-रिंगवर, म्हणजे डब्याच्या सांध्यातल्या रबरी कडीवर, सिलिकॉन ग्रीसचा फक्त चकाकण्यापुरता पातळ थर द्या. जाड थरात केस, कापसाचा धागा, वाळूचा कण अडकतो आणि 3,600 मीटरवरच्या सुमारे 360 वातावरणांच्या दाबाखाली तिथूनच गळती सुरू होते. डबा बंद झाल्यावर निर्वात पंपाने आतला दाब उतरवून अर्धा तास काटा पाहा. काटा सरकला तर तो डबा पाण्यात सोडायचा नाही.

केबलचा इन्सुलेशन रोध मेगरने (हा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) मोजताना आधी कॅमेरा आणि सोनार वेगळे करा, नाहीतर मेगरचा उच्च विद्युतदाब त्यांचे सर्किट जाळतो.

बिट शंकूत गेलं हे कशावरून ठरवायचं? पाइप 20 मीटर खाली गेला आणि वजनाचा काटा हलला नाही, एवढ्यावर समाधान मानू नका. मऊ गाळात बिट शंकूच्या बाहेरही स्वतःच्या वजनाने तितकंच घुसतं. बिट शंकूच्या कडेच्या आत गेलेलं आणि पाइप मधोमध उभा असलेला कॅमेऱ्यात स्पष्ट दिसला पाहिजे. तोपर्यंत चौकट वर ओढू नका. आणि ती खाली असताना पाइप फिरवू नका. केबल पाइपभोवती गुंडाळली गेली तर चौकटही जाते आणि केबलही.