तालुक्याच्या महाविद्यालयात एकांकिका कशी बसवावी

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयात नाटक करायचे ठरले की पहिली चर्चा संहितेची सुरू होते आणि ती बहुधा महिनाभर लांबते. माझ्या मते सुरुवात तिथून करूच नये. अशा महाविद्यालयात नाट्यगृह नसते, नाट्यशास्त्राचा विभाग नसतो आणि पुष्कळसे विद्यार्थी आसपासच्या खेड्यांतून एसटीने ये-जा करतात. त्यामुळे रोज किती जण, किती वेळ आणि कोणत्या जागी एकत्र येऊ शकतात, हे आधी कागदावर मांडावे आणि त्या मापाची संहिता नंतर शोधावी. पुढील मार्गदर्शन अर्ध्या तासाच्या एकांकिकेसाठी आहे, कारण युवक महोत्सव आणि स्नेहसंमेलन या दोन्ही ठिकाणी तीच उपयोगी पडते.

१. प्रयोगाच्या तारखेपासून मागे मोजावे

छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या जिल्ह्यांतील महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला, तर नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली येथील महाविद्यालये १९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला संलग्न आहेत. आपल्या विद्यापीठाच्या युवक महोत्सवाचे परिपत्रक मागवून ते शब्दशः वाचावे. भारतीय विद्यापीठ संघाच्या महोत्सवात एकांकिकेला ३० मिनिटे, प्रहसनाला १० मिनिटे आणि मूकाभिनयाला ५ मिनिटे मिळतात. एकांकिकेत जास्तीत जास्त ९ आणि इतर दोन प्रकारांत ६ विद्यार्थी चालतात. विद्यापीठाच्या स्वतःच्या नियमांत थोडा फरक असू शकतो आणि परीक्षकांसमोर परिपत्रकच ग्राह्य धरले जाते.

तालमींसाठी सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस आणि रोज दीड तास धरला तर ४५ तास हाती येतात. एकांकिकेला ते पुरतात, मात्र ते सलग मिळत नाहीत. पोळा, गणपती आणि महालक्ष्म्या यांत एक आठवडा सहज जातो. सप्टेंबरच्या अखेरीस सोयाबीनची काढणी सुरू झाली की शेतकऱ्यांची मुले आठ-दहा दिवस दिसत नाहीत, आणि त्यांना त्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नसतो. म्हणून महोत्सव काढणीच्या सुमारास असेल तर तालमी जुलैच्या अखेरीसच सुरू कराव्यात. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन मात्र हक्काचा असतो, कारण सकाळच्या ध्वजारोहणाला सर्वजण आलेले असतात आणि त्यानंतर सलग तीन-चार तासांची तालीम घेता येते.

रोजची वेळ ठरवताना सर्वांत लांबच्या गावाला जाणारी शेवटची एसटी किती वाजता सुटते ते विचारावे आणि तिच्या अर्धा तास आधी तालीम संपवावी. हा नियम एकदा मोडला की दुसऱ्या दिवशी निदान दोन मुली तरी येत नाहीत.

२. चमू निवडावा

निवड चाचणीसाठी ‘एखादा संवाद पाठ करून या’ अशी सूचना लावू नये. तशी सूचना लावली की चित्रपटातील नायकांच्या नकलाच पाहायला मिळतात. त्याऐवजी त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील एक बातमी व्हरांड्याच्या एका टोकाला उभे राहून मोठ्याने वाचायला सांगावी आणि दुसऱ्या टोकाला ती किती कळते ते ऐकावे. मग आठवडी बाजारात पाहिलेले एखादे भांडण स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे. ज्याला दोन्ही बाजूंनी बोलता येते, तो विद्यार्थी पूर्वी कधी रंगमंचावर गेला नसला तरी त्याला घ्यावे. देखणा परंतु अनियमित मुलगा आणि सामान्य परंतु रोज येणारा मुलगा यांत निवड करायची झाली तर डोळे मिटून दुसऱ्याला घ्यावे.

मुलींच्या बाबतीत पालकांशी आधीच बोलणे आवश्यक असते. प्राध्यापिकेने स्वतः फोन करावा किंवा घरी जावे आणि तालमीची वेळ, सोबत कोण असणार, परगावी मुक्कामाची सोय काय, हे स्पष्ट सांगावे. संमतीचा अर्ज हातात असला तरी वडिलांशी प्रत्यक्ष झालेले बोलणे अधिक टिकते. दोन मुख्य भूमिकांसाठी पर्यायी कलाकार पहिल्या दिवसापासून तालमीला बसवावेत आणि त्यांना पडद्यामागची कामेही द्यावीत.

पडद्यामागे किमान चार जबाबदाऱ्या निश्चित कराव्यात: रंगमंच व्यवस्थापन, प्रकाशयोजना, संगीत आणि साहित्य. व्यवस्थापक शिस्तीचा आणि थोडा भांडकुदळ असलेला बरा.

३. संहिता निवडावी किंवा लिहावी

आता संहितेकडे यावे. छापील संहिता घेतल्यास मोठ्याने वाचून वेळ मोजावा आणि वाचन २४-२५ मिनिटांत संपत असेल तरच ती स्वीकारावी, कारण हालचाली, विराम आणि प्रेक्षकांचे हशे यांत पाच मिनिटे वाढतात. लेखकाची परवानगी लेखी घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. विद्यार्थी आणि शिक्षकांनी संस्थेच्या उपक्रमात, केवळ संस्थेतील मंडळी आणि पालक यांच्यासमोर केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे. पण बाहेरची स्पर्धा, तिकीट लावलेला किंवा गावासाठी खुला असलेला प्रयोग यांसाठी त्या सवलतीवर विसंबू नये. बाहेरच्या स्पर्धांना प्रवेशिकेसोबत रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र मागतात, आणि ते आठवड्याभरात मिळेल असे गृहीत धरणे धोक्याचे असते.

छोट्या महाविद्यालयाने स्वतःची संहिता लिहावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. छापील एकांकिकांतील घरे, नोकऱ्या आणि बोलणे बहुधा पुण्या-मुंबईचे असते आणि ते आपल्या मुलांच्या अंगावर उसन्या कपड्यासारखे दिसते. लिहिण्यासाठी एक साधी पद्धत वापरता येते. मुलांना एक प्रसंग द्यावा. उदाहरणार्थ, ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा ट्रक दारात उभा आहे आणि घरातील बारावीची मुलगी बरोबर यायला नकार देते. तो प्रसंग संहितेशिवाय तीन-चार वेळा करून घ्यावा, भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करावा आणि त्यातील जिवंत वाक्ये एकाच विद्यार्थ्याने लिहून काढावीत. लेखन मंडळाने मिळून केले की संहितेला टोक राहत नाही.

विषयाबद्दल एक इशारा आवश्यक वाटतो. दुष्काळ आणि शेतकरी आत्महत्या या विषयांवर महोत्सवात दरवर्षी अनेक एकांकिका येतात आणि त्यांतील बऱ्याच फास, हंबरडा आणि काळोख याच क्रमाने संपतात. विषय टाळावा असे नाही, कारण तो इथलाच आहे. मात्र टँकरच्या रांगेत नंबर कोण लावतो, पीकविम्याचा अर्ज कोण भरून देतो, सावकार लग्नात आहेर काय करतो, अशा तपशिलातून विषय मांडला तर तो परीक्षकांनाही नवा वाटतो आणि विद्यार्थ्यांनाही रडण्याचा अभिनय करावा लागत नाही.

मोठा चमू आणि नेपथ्याला पैसा नाही, अशी स्थिती असेल तर भारुडाचा बाज उपयोगी पडतो. सोळाव्या शतकात पैठणच्या संत एकनाथांनी भारुडाला जे नाट्यरूप दिले, त्यात सोंग, गाणे आणि प्रेक्षकांशी थेट बोलणे हे सर्व एका मोकळ्या जागेत सामावते.

४. वाचन आणि बोली

पहिला आठवडा बसून वाचावे. भूमिका बदलून वाचल्यास सर्वांना संपूर्ण नाटक कळते. या आठवड्यात बोली पक्की करावी, कारण पुढे ती सुधारणे फार अवघड जाते. मराठवाड्याची बोली एकसारखी नाही. लातूर-नांदेडच्या पट्ट्यातील ‘काय करूलालास?’ म्हणणाऱ्या आईचा मुलगा वऱ्हाडी धाटणीने ‘करून राहिलो’ म्हणू लागला तर घर खोटे वाटते. नाटकातील कुटुंब कोणत्या तालुक्यातील आहे ते ठरवावे, त्या तालुक्यातील विद्यार्थ्याला बोलीचा जाणकार नेमावे आणि इतरांनी त्याचे ऐकावे. मालिकांतून ऐकू येणारी सरमिसळ ‘गावठी’ भाषा कटाक्षाने काढून टाकावी. पात्राची गरज असेल तर दखनी उर्दूही मोकळेपणाने येऊ द्यावी. देगलूर-उदगीरच्या बाजूला कन्नड आणि तेलुगू शब्दही सहज येतात.

५. तालीम

दुसऱ्या आठवड्यापासून उभ्याने तालीम सुरू करावी. स्पर्धेच्या रंगमंचाची लांबी-रुंदी आयोजकांकडून विचारून घ्यावी आणि वर्गातील बाके बाजूला सारून जमिनीवर खडूने तेवढाच चौकोन आखावा. वर्ग लहान पडत असेल तर मैदानावर चुन्याने आखावे. विंगेतून येण्याच्या जागा, दार, बाज आणि चूल यांच्या जागा पहिल्याच दिवशी ठरवाव्यात. प्रत्येक हालचाल संहितेच्या समोरच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने नोंदवावी, म्हणजे अनुपस्थित विद्यार्थ्याच्या जागी उभ्या राहणाऱ्याला अडचण येत नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस हातातील वही जावी आणि चौथ्या आठवड्यानंतर विंगेतून आठवण करून देणेही बंद व्हावे. विसरल्यास सहकलाकाराने सावरून घ्यावे, ही सवय तालमीतच लागते.

आवाजावर सर्वाधिक मेहनत घ्यावी लागते. तालुक्याच्या ठिकाणी प्रयोग बहुधा पत्र्याच्या सभागृहात किंवा मंडपात होतो. तिथे पंख्यांची घरघर असते, पावसाची सर आली तर काहीच ऐकू येत नाही आणि वर टांगलेले माईक संवादांपेक्षा पावलांचा आवाजच अधिक पकडतात. म्हणून आठवड्यातून दोन तालमी मैदानावर घ्याव्यात आणि दिग्दर्शकाने शेवटच्या रांगेच्या अंतरावर पाठ करून उभे राहावे. शब्द कळला नाही की फक्त हात वर करावा, तालीम थांबवू नये. ओरडणे हा त्यावर उपाय नव्हे. बहुतेक वेळा वाक्याचा शेवटचा शब्द गिळला जातो आणि मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने वाक्याचा अर्थच नाहीसा होतो. ‘मी त्याला पैसे देणार नाही’ यातील ‘नाही’ पडले तर कथानकच उलटे फिरते. श्वास वाक्यापूर्वी पुरेसा घेण्याचा सराव रोज दहा मिनिटे करावा.

६. नेपथ्य, प्रकाश आणि संगीत

नेपथ्य इतकेच असावे की ते छोट्या हत्तीत मावेल आणि स्पर्धेत मिळणाऱ्या काही मिनिटांत लावून होईल. बांबू, तरट, मांजरपाट, गेरू आणि चुना यांतून बरेच काही उभे राहते. बाज, कणगी, पितळी घागर अशा वस्तू घरोघरी मिळतात. त्यांची मालकाच्या नावासह यादी करावी. जोडकाम खिळ्यांऐवजी नटबोल्टने किंवा सुतळीने करावे. नेपथ्य लावण्याची आणि काढण्याची तालीमही घड्याळ लावून घ्यावी.

प्रकाशाच्या बाबतीत उत्साहापेक्षा हिशेब महत्त्वाचा आहे. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर १००० वॅटचा एक दिवा जवळपास साडेचार अँपिअर वीज ओढतो. असे चार दिवे एकाच वेळी लावले की १७ अँपिअरच्या वर जाते, म्हणजे १६ अँपिअरच्या सॉकेटची क्षमता संपते. वर्गातील ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटचा तर विचारच करू नये. मुख्य फलकावरून स्वतंत्र जोडणी आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. आता मंडपवाल्यांकडे एलईडी दिवे भाड्याने मिळतात. ते दोन-अडीचशे वॅटच्या आत चालतात आणि रंग बदलण्यासाठी जिलेटिन कागदही लागत नाही. समोरून दोन बाजूंनी तिरका पांढरा प्रकाश आणि मागून एक रंगीत दिवा एवढ्यात एकांकिका होते. वीज जाण्याची शक्यता गृहीत धरून महाविद्यालयाचा जनित्रसंच किती भार पेलतो ते आधीच तपासावे.

संगीत शक्यतो जिवंत ठेवावे. संबळ, हलगी, दिमडी किंवा टाळ वाजवणारा विद्यार्थी प्रत्येक महाविद्यालयात सापडतो. वादक मात्र परिपत्रकातील कमाल संख्येत धरला जातो की नाही, हे आधी पाहावे.

७. रंगीत तालीम आणि प्रयोग

प्रयोगाच्या तीन दिवस आधी वेशभूषा, रंगभूषा, दिवे आणि संगीत यांसह रंगीत तालीम करावी आणि ती कोणत्याही कारणाने मध्ये थांबवू नये. वेळ ३० मिनिटांच्या वर गेली तर वाक्ये कापावीत. भराभर बोलण्याचा मार्ग स्वीकारू नये. आदल्या दिवशी नवीन सूचना देणे दिग्दर्शकाने टाळावे.

प्रयोगाच्या दिवशी दोन तास आधी पोहोचून रंगमंच पावलांनी मोजावा, आखणीत फरक असेल तर हालचाली जागेवरच जुळवून घ्याव्यात आणि वस्तू यादीप्रमाणे विंगेत मांडाव्यात. दुसरी घंटा झाल्यावर विंगेत भ्रमणध्वनी कोणाच्याही हातात नसावा.

८. प्रयोगानंतर

एका प्रयोगासाठी दीड महिना राबणे मला पटत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर हिवाळ्यात एखाद्या गावी असते. तिथे हीच एकांकिका पारावर किंवा शाळेच्या ओट्यावर करावी. तिथे प्रेक्षक तिन्ही बाजूंनी बसतात, त्यामुळे नेपथ्यातील मागची भिंत काढून टाकावी, प्रकाशबदल वगळावेत आणि हालचालींची एक वेगळी तालीम घ्यावी. बोली चुकली असेल तर गावातील बायका लगेच सांगतात.

उसनवारीच्या वस्तू दुसऱ्याच दिवशी परत कराव्यात आणि खर्चाच्या पावत्या आठवड्याच्या आत कार्यालयात द्याव्यात. हालचालींच्या नोंदी असलेली संहिता, दिव्यांचा आराखडा, वस्तूंची यादी, परवानगीपत्र आणि कलाकारांची नावे एका फाइलमध्ये लावून ती ग्रंथालयात नोंदवावी, कारण तीन वर्षांत संपूर्ण चमू पदवी घेऊन निघून जातो आणि विभागाच्या कपाटातील कागद नव्या मुलांच्या हाती लागत नाहीत.