डिपेंडन्सीत त्रुटी निघाली. वापरकर्त्यांना काय आणि कसं कळवायचं

डिपेंडन्सीत, म्हणजे तुमचा प्रकल्प वापरतो त्या दुसऱ्याच्या पॅकेजमध्ये, सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली की वापरकर्त्यांचे स्कॅनर (अशा त्रुटी शोधणारी साधनं) लाल होतात आणि 'तुमच्या प्रकल्पाला धोका आहे का?' अशा इश्यूंची रांग लागते. बहुतेक स्कॅनर पॅकेजचं नाव आणि आवृत्ती एवढंच जुळवतात. सदोष फंक्शन तुमच्या कोडमधून खरंच चालतं का, हे प्रकल्प सांभाळणाऱ्या मेंटेनरनाच नीट माहीत असतं. त्रुटी आहे हे वापरकर्त्याला आधीच दिसलेलं आहे. तुमच्या कोणत्या आवृत्तीला ती कशी लागू होते, हे त्याला हवं असतं.

त्याआधी एक गोष्ट तपासा: त्रुटी जाहीर झालेली आहे का? सीव्हीई किंवा ओएसव्ही या त्रुटींच्या सार्वजनिक याद्यांमध्ये नोंद असेल तर खुशाल उघडपणे लिहा. तुम्हालाच नवी सापडली असेल, तर स्वतःच्या इश्यू ट्रॅकरवरही लिहू नका. मूळ प्रकल्पाच्या सुरक्षा धोरणाच्या फाइलमध्ये दिलेल्या खासगी मार्गाने कळवा. 'पार्सरमधला ओव्हरफ्लो टाळला' असा कमिट संदेशसुद्धा बातमी फोडतो.

पुढचं काम सोपं जावं म्हणून दर रिलीजसोबत एसबीओएम, म्हणजे घटकांची यादी, द्या. सायक्लोनडीएक्स किंवा एसपीडीएक्स यांपैकी कोणताही फॉरमॅट चालेल. यादी तयार बिल्डवरून काढा. नुसत्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे डिपेंडन्सी मागणाऱ्या फाइलमध्ये, आवृत्त्यांच्या मर्यादा असतात, नेमकी कोणती आवृत्ती आत गेली ते नसतं. रेपॉझिटरीत कॉपी करून ठेवलेला सी कोड आणि नावं बदलून जारमध्ये कोंबलेली जावा पॅकेजेस इथे हमखास निसटतात. ती हाताने नोंदवा.

मग पॅकेज कुठल्या वाटेने आत आलं ते शोधा: 'एनपीएम एक्सप्लेन', 'गो मॉड व्हाय', 'कार्गो ट्री'ला इन्व्हर्टचा पर्याय, किंवा मेव्हनचं डिपेंडन्सी ट्री. गोसाठी 'गोव्हल्नचेक' फंक्शनच्या पातळीपर्यंत जातं. रिफ्लेक्शन (कोणतं फंक्शन चालवायचं ते प्रोग्रॅम चालतानाच ठरणं) किंवा प्लगइन असतील तर मात्र अशा साधनाच्या शांततेवर विसंबू नका.

निष्कर्ष व्हेक्स विधान, म्हणजे स्कॅनरलाही वाचता येईल असा खुलासा, म्हणून लिहा. त्यात त्रुटीचा क्रमांक, तुमच्या आवृत्तीचा पॅकेज यूआरएल (पॅकेज आणि आवृत्ती नेमकी ओळखणारा पत्ता) आणि स्थिती असते. स्थिती चारच: बाधित नाही, बाधित, दुरुस्त, तपास सुरू. ओपनव्हेक्स या व्हेक्सच्या फॉरमॅटमध्ये 'बाधित नाही' म्हणताना कारण द्यावंच लागतं, 'बाधित' म्हणताना वापरकर्त्याने काय करायचं ते. पहिल्या दिवशी 'तपास सुरू' एवढंच टाकलं तरी निम्मे इश्यू थांबतात, असा आमचा अंदाज. ट्रिव्ही आणि ग्राइप हे स्कॅनर व्हेक्स फाइल वाचून तेवढा इशारा बाजूला काढू शकतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे लायब्ररीच्या बाबतीत घाईने 'बाधित नाही' म्हणणं. तुमच्या चाचण्या ते फंक्शन चालवत नसतील. पण तुमच्या एपीआयमधून आलेलं इनपुट तसंच पुढे जात असेल, तर वापरकर्त्याचा प्रोग्रॅम ते चालवू शकतो. तिथे अट स्पष्ट लिहा: 'बाहेरून आलेलं एक्सएमएल या फंक्शनला दिलं तरच'. तसंच, त्याच सदोष कोडसाठी वेगळा सीव्हीई मागू नका. मूळ क्रमांकच वापरा. चूक तुमच्या वापराच्या पद्धतीत असेल तरच नवा.

'आम्ही आवृत्ती वाढवली' एवढ्याने दुरुस्ती पोहोचत नाही, आणि ती कशी पोहोचते हे प्रत्येक इकोसिस्टिममध्ये वेगळं आहे. गो हा मॉड्यूल फाइल्समध्ये मागितलेल्या आवृत्त्यांपैकी सर्वांत वरची घेतो, स्वतःहून त्याहून नवी शोधत नाही. म्हणून तुमच्या फाइलमधला आकडा वाढवून नवं रिलीज काढावं लागतं. एनपीएममध्ये कॅरेटच्या (^) मर्यादेत दुरुस्त आवृत्ती बसत असली तरी वापरकर्त्याची नेमक्या आवृत्त्या पक्क्या करणारी जुनी लॉक फाइल जागची हलत नाही; त्याला अपडेटची आज्ञा लिहून द्या. रस्टच्या लायब्ररीची लॉक फाइल तर वापरकर्त्याच्या बिल्डमध्ये विचारातच घेतली जात नाही. कंटेनर इमेज असेल तर नव्याने बिल्ड करून प्रसिद्ध करण्याला पर्याय नाही.

विधान लिहून झालं की ते तिथेच सोडू नका. डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीच्या सीव्हीई-२०२१-४४२२८ या त्रुटीसाठी २.१५.० ही आवृत्ती आली. ती दुरुस्ती अपुरी ठरली आणि सीव्हीई-२०२१-४५०४६ निघाला. त्याचा तीव्रतेचा गुण (दहापैकी) आधी ३.७ होता, नंतर ९.० झाला. मग २.१६.०, आणि सेवा बंद पाडू शकणाऱ्या आणखी एका त्रुटीमुळे २.१७.०. दुसऱ्या क्रमांकाबद्दल पहिल्या गुणावर विसंबून 'किरकोळ' लिहिणाऱ्याला ते बदलावंच लागलं असतं. म्हणून विधानावर तारीख घाला, बदल झाला की दस्तऐवजाचा आवृत्ती क्रमांक एकाने वाढवा आणि काय बदललं ते रिलीज नोटमध्येही एका ओळीत लिहा. गिटहबच्या डिपेंडाबॉट या बॉटच्या सूचना बाहेरच्या वापरकर्त्यांना दिसत नाहीत. 'बॉटने दाखवलंय' हे त्यांच्यासाठी उत्तर नाही.