तीमथ्य आणि तीताच्या पत्रांतून मंडळी सांभाळायला कसं शिकायचं

पाळक म्हणून नवीन जबाबदारी आलीये किंवा मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) वडील, म्हणजे देखरेख करणारे पुढारी, नेमायचेत, तर आधी बायबलच्या नव्या करारातली, प्रेषित पौलाच्या नावाने त्याचे सहकारी तीमथ्य आणि तीत यांना लिहिलेली १ तीमथ्य, २ तीमथ्य आणि तीत ही तीन पत्रं सलग वाचून काढा, तिन्ही मिळून १३ अध्याय, एका बैठकीत होतात. तीमथ्य इफिस शहरात होता, तीत क्रेत बेटावर, आणि दोघांपुढे खोटी शिकवण पसरवणारी माणसं होती हे डोक्यात ठेवून वाचा. पत्रं पौलाचीच की नंतर कुणी त्याच्या नावाने लिहिली यावर अभ्यासकांत वाद आहे, पण तुम्हाला शिकायचंय ते त्यामुळे अडत नाही.

मग १ तीमथ्य ३:१-७ (अध्याय ३, वचनं १ ते ७) आणि तीत १:५-९ शेजारी शेजारी ठेवा आणि वडिलात हवा तो एकेक गुण वहीत लिहा. शिकवता यायला हवं, एवढीच एक गोष्ट कौशल्याची, बाकी सगळं स्वभावाचं आणि घरातलं, म्हणजे दारू, राग, पैशाचा लोभ, बायको-मुलं, पाहुण्यांना घरात घेणं, बाहेरच्या लोकांत नाव कसं आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण बहुतेक वेळा जो छान बोलतो त्यालाच पुढे करतो.

नेमणुकीची घाई करू नका. १ तीमथ्य ५:२२ मध्ये हात ठेवायची, म्हणजे डोक्यावर हात ठेवून नेमायची, घाई नको असं स्पष्ट आहे आणि दोनच ओळींनी कारण येतं, काहींची पापं लगेच दिसतात, काहींची मागाहून. नवीन विश्वासी असेल तर थांबाच.

कुणाला समज द्यायची वेळ आली की त्याच पत्रातलं ५:१-२ उघडा. वयस्कर माणसाला बापासारखं, तरुणाला भावासारखं, म्हाताऱ्या बाईला आईसारखं, तरुण मुलीला बहिणीसारखं, तेही पूर्ण शुद्ध मनाने. बोलायला जायच्या आधी स्वतःला विचारा, हेच मी माझ्या बापाला कुठल्या शब्दांत सांगितलं असतं? आणि मंडळीतल्या एखाद्या वडिलावर आरोप आला तर ५:१९ प्रमाणे दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय तो धरू नका, पण पाप खरं निघालं तर ५:२० प्रमाणे सगळ्यांसमोर बोला, आपला माणूस म्हणून झाकू नका. हे दुसरं करायला जड जातं आणि तिथेच मंडळ्या फुटतात.

२ तीमथ्य २:२ वाचून आजच दोन नावं लिहा ज्यांना तुम्ही शिकवाल, आणि ते पुढे दुसऱ्यांना शिकवू शकतील अशीच माणसं निवडा.

याच पत्राचा शेवटचा ४था अध्याय मात्र सावकाश वाचा. पौलाचा सहकारी देमास सोडून गेलाय, जवळ फक्त लूक आहे, आणि पौल तीमथ्याला सांगतो की त्रोवस शहरात कार्प नावाच्या माणसाकडे राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर आणच, हिवाळ्याच्या आत ये. शिवाय मार्कालाही घेऊन ये म्हणतो, ज्याला एकदा सोबत न्यायला पौलानेच नकार दिला होता. थकला असाल तर तुम्हीही असंच करा, कुणाला तरी नावाने हाक मारा आणि नेमकं काय हवंय ते सांगा.