अ‍ॅल्युमिनियमची रिवेट सैल पडू नये म्हणून

जाळीच्या दाराची किंवा सेक्शनच्या फ्रेमची पॉप रिवेट (पत्रे जोडायची, गनने एका बाजूने ओढून बसवायची पोकळ खीळ) चार महिन्यांत खुळखुळायला लागते, तेव्हा दोष बहुतेक वेळा रिवेटचा नसतो, भोकाचा असतो.

१. ४ मिमी रिवेटला ४.१ मिमीचा ड्रिल बिट घ्या. घरात आहे म्हणून साडेचारचा लावू नका, सांधा तिथेच गेला.

२. भोकाचा मध्य कडेपासून निदान ८ मिमी आत ठेवा. सेंटर पंचने (टोकदार पोलादी दांडीने) खूण ठोका, नाहीतर बिट गुळगुळीत पत्र्यावर घसरतो.

३. दोन्ही तुकडे क्लॅम्पने आवळून एकदमच भोक पाडा. पहिल्या भोकात रिवेट नुसती सरकवून ठेवा आणि मगच दुसरे पाडा. सगळी खुबी इथे आहे: भोके एकमेकांसमोरून हलत नाहीत.

४. बिटला दोन थेंब मशीनचे तेल. कोरड्या बिटच्या खाचांत अ‍ॅल्युमिनियम चिकटून बसते आणि भोक वेडेवाकडे, मोठे होते.

५. तुकडे सुटे करून भोकाच्या कडेला उठलेली धातूची धारदार कूस मोठ्या बिटने, हातानेच फिरवून काढा. ती राहिली तर पत्रे एकमेकांना टेकत नाहीत.

चष्मा लावाच. हातमोजे मात्र ड्रिल चालू असताना नकोत, बिटमध्ये गुंडाळले जातात.