फाइल पाठवलीत, पण विकलं काय? आर्ट कॉलेजनंतरच्या या चुका टाळा

पणजीत आल्तिन्होच्या आर्ट कॉलेजातून दर उन्हाळ्यात नवी मुलं बाहेर पडतात आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी येईपर्यंत त्यांतली दोन-चार तरी माझ्याकडे रडगाणं घेऊन येतात. ग्राहक वेगळे, चित्रं वेगळी, टॅबलेट दरवर्षी नवा, घोळ मात्र तोच. तोंडाने सांगून कंटाळलो, म्हणून लिहून टाकतो.

हक्काचं बोलणंच न होणं

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवणारी चूक ही. कळंगुट पट्ट्यातल्या एका रेस्टॉरंटसाठी एका मुलीने मेनूकार्डाचं मुखपृष्ठ केलं. तव्यावरचा बांगडा, सोलकढीचा ग्लास, टेबलाखाली पाय ताणून झोपलेलं मांजर. रेघ अशी की हेवा वाटावा. पैसे ठरले सहा हजार, तेही व्हॉट्सॲपवर. काम झाल्यावर मालकाचा मेसेज आला, 'फायनल फाइल पाठव.' आणि हिने सगळे लेअर, म्हणजे चित्राचे थर, सुटे असलेली मूळ फाइल पाठवून दिली.

पुढच्या सीझनला ते मांजर मगांवर, टी-शर्टांवर, फ्रिजच्या मॅग्नेटवर विकायला बसलं होतं. बांगडा वेटरांच्या ॲप्रनवर. ती जाब विचारायला गेली तेव्हा मालक शांतपणे म्हणाला, "बाय, पयशे दिले न्हय गो तुका? आनीक कितें जाय?" म्हणजे, पैसे दिले ना, आणखी काय हवं?

माणूस लबाड नव्हता. पैसे मोजले म्हणजे चित्र आपलं, अशी त्याची समजूत होती आणि ती कोणी दूर केली नव्हती. आम्ही बसून सगळं चॅट वाचून काढलं. नाइस, डन, अंगठा, परत अंगठा. चित्र कुठे आणि किती दिवस वापरायचं, याबद्दल एक अक्षर नाही. मग कलमांसकट पण गोड भाषेत एक पत्र लिहिलं. मगांचे थोडे पैसे त्याने दिले, टी-शर्टांच्या बाबतीत 'माल संपला' म्हणून हात वर केले.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ तेवढं वाचून ठेवा. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी आणि सहीनिशी करावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पण लगेच खूश होऊ नका, कलम १७ही वाचा. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक ते करवून घेणारा ठरतो. तुमचं काम इलस्ट्रेशन की पेंटिंग, हा वाद वकिलाच्या ऑफिसात घालत बसण्यापेक्षा आधीच लिहिलेलं बरं.

माझी सवय सांगतो. पेन्सिल उचलण्याआधी एक ईमेल. चित्र कशासाठी, किती काळासाठी, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, पैसे कधी, आणि ठरल्यापलीकडे वापर झाला तर वेगळे पैसे. खाली 'हे मान्य असल्यास उत्तरात तसं कळवावं'. निम्मे पैसे आधी. जाते ती सपाट, थर एकत्र केलेली फाइल, ठरलेल्या मापाची. लेअर माझ्याकडेच राहतात. सगळे हक्क कायमचे हवेत म्हणाले, तर कागद वेगळा, सही वेगळी, दरही वेगळा.

"एवढं लिहिलं तर ग्राहक पळेल ना सर?" पळू दे की. तो बिलाच्या वेळीही पळालाच असता.

सगळ्यांनाच मारियो व्हायचंय

पोर्टफोलिओ उघडावा तर माड, बालकांव म्हणजे घरापुढचा व्हरांडा, सायकलवरचा पोदेर म्हणजे पाववाला, फुलाफुलांच्या फ्रॉकमधली जाडी बाई आणि शेपूट वर केलेलं कुत्रं. लोटलीचे व्यंगचित्रकार मारियो मिरांडा २०११ साली गेले, पण त्यांची रेघ आमच्या पोरांच्या मानगुटीवरून उतरायला तयार नाही. त्यांचं चित्र उचलून जरासं बदलून विकाल तर कायद्याने अडकाल, कारण तो हक्क २०७१च्या अखेरपर्यंत जिवंत आहे. नुसती शैली उचललीत तर कायदा काही म्हणणार नाही. पण ज्या ग्राहकाला मारियो हवाय तो मारियोचाच प्रिंट घेईल, तुमचा कशाला?

आणि काढायला काय कमी आहे? माटोळीच घ्या, चवथीला गणपतीवर टांगतात ती फळा-पानांची. सुपारीचं शिपटं, असोला नारळ, तवसं, माटुलिंग, लालबुंद कवंडळं. यातलं प्रत्येक फळ देठ कसा, साल कशी, वेलीला कसं लोंबतं ते बघून काढलेलं असेल, तर मुलांची पुस्तकं करणारा संपादक त्या पानावर थांबतो, कारण असं चित्र त्याला इंटरनेटवर आयतं सापडत नाही. जुन्या देवळांच्या भिंतींवरची तांबडी-पांढरी कावी चित्रकला आहे. माशेलचा चिखलकाला, चिखलात खेळायचा उत्सव, आहे. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आहे, तिथे सकाळी वही घेऊन उभं राहायला कुणी पैसे मागत नाही. पण हे सुचवलं की उत्तर येतं, "सर, पिंटरेस्टवर रेफरन्स मिळतो." मिळतो ना. सगळ्यांना तोच मिळतो.

एआयकडून काढून घेतलेलं पान पोर्टफोलिओत घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

डिसेंबरात काम शोधणं

डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल भरतो, गावभर कलाकार दिसतात, म्हणून नवी मुलं तेव्हाच कार्डं वाटत फिरतात. हॉटेलवाल्याला त्या दिवसांत श्वास घ्यायला फुरसत नसते. मेनू, भिंतीवरचं चित्र, नवी लेबलं यांचा विचार तो ऑगस्ट-सप्टेंबरात करतो, सीझन उघडायच्या आधी. दिवाळी अंकांची कामंही पावसातच निघतात. तेव्हा हातात छत्री आणि काखेत फाइल, एवढंच भांडवल लागतं. हप्त्यावर आयपॅड घेऊन मग काम शोधणाऱ्यांना हप्ता काम देत नाही.

छपाई

इन्स्टासाठी १०८० पिक्सेल रुंद काढलेलं चित्र छपाईच्या ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, जेमतेम नऊ सेंटिमीटर भरतं. ए-फोरला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. चारी बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारी जादा कड. स्क्रीनवरचा तो झगझगीत निळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, मळतो, तेव्हा प्रेसवाल्याला शिव्या देऊ नका, आधी प्रूफ, म्हणजे नमुना छपाई, मागा.

मूळ कागद पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भिंतीला टेकवू नका, बुरशी धरते. माझे सपाट ड्रॉवरमध्ये असतात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट.

पैशांचे कागद

कंपनीने १० टक्के टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला म्हणून हळहळू नका, रिटर्न भरा, कर तेवढा लागत नसेल तर परत मिळतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीचं भूत एवढ्यात मानेवर घेऊ नका.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायाची सरकारी नोंद, मात्र कराच. सरकारी पोर्टलवर ती फुकट होते, एजंटला पैसे चारू नका. २००६च्या एमएसएमई, म्हणजे लहान उद्योगांच्या, कायद्याप्रमाणे ग्राहकाला लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या आत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. ते व्याज मी आजवर कुणाकडून वसूल केलेलं नाही. पण उद्यम क्रमांक बिलाच्या वरच्या कोपऱ्यात ठळक छापतो, आणि अकाउंट्समध्ये कुणी जागं असेल तर बिल ढिगाच्या तळाशी जात नाही.