मुलाबाळांना घेऊन गोदापार्कला जायचंय? आधी गंगेचं पाणी बघा

नाशिकबाहेरून आलेल्या पाहुण्यांना आधी हे सांगावं लागतं की आम्ही "गंगेवर जाऊन येतो" म्हणतो तेव्हा ती गोदावरीच असते. तर ह्या गंगेच्या काठाने गंगापूर रोडच्या मागच्या बाजूला जो गोदापार्क आहे तिथे आम्ही गेली काही वर्षं जवळपास दर रविवारी जातो, सोबत सहा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची पुतणी आणि गुडघेदुखीवाली आई, त्यामुळे लहान मुलं आणि म्हातारी माणसं दोघांना एकत्र घेऊन कसं जायचं हे आता चांगलं जमलंय. बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून सगळं एका ठिकाणी लिहितोय.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे निघण्याआधी गंगापूर धरणातून पाणी सोडलंय का ते बघा. जून ते सप्टेंबरमध्ये तर हे बघितल्याशिवाय चप्पलसुद्धा घालू नका. धरण शहराच्या वरच्या अंगाला आहे आणि पाऊस वाढला की विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात, सकाळी अमुक क्युसेक, दुपारी त्याच्या दुप्पट असं होऊ शकतं. म्हणजे नाशिकमध्ये कोरडं ऊन पडलंय आणि त्र्यंबकेश्वरकडे धो धो कोसळतंय अशा दिवशीसुद्धा आपल्या पायाशी पाणी चढू शकतं. बातम्यांमध्ये विसर्गाचा आकडा येतोच, तो वाढत असेल तर त्या दिवशी मुलांना दुसरीकडे कुठेतरी न्या, पांडवलेणीच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान आहे, तिथे मुलं खूश असतात.

मला हे इतकं तळमळीने का सांगावंसं वाटतं तर २ ऑगस्ट २०१६ आणि ४ ऑगस्ट २०१९ हे दोन्ही पूर मी बघितलेत. गोदापार्कचं तेव्हा बरंच नुकसान झालं. पुढे एकदा तिथे रोज फिरायला येणाऱ्या एका आजोबांनी माझ्या मुलाला झाडाकडे बोट करून दाखवलं, फांदीत वाळलेलं गवत, चिंध्या आणि प्लास्टिक अडकलेलं होतं, माझ्या डोक्याच्याही वर. आजोबा म्हणाले, "बाळा, गंगा इथपर्यंत आली होती." तो पाच मिनिटं नुसता वर बघत उभा होता. तुम्ही गेलात की मुलांना ही खूण नक्की शोधायला लावा. मी घरी कितीतरी वेळा "पाण्याजवळ जाऊ नको" म्हणालो असेन पण ते त्याला कळलं त्या फांदीमुळे.

आता वेळ. उत्तम काळ म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेसहा ते नऊ. नाशिकची थंडी अंगात भरते त्यामुळे मुलांना कानटोपी आणि आईबाबांना शाल हवीच. पाण्यावर धुकं असतं, बगळे आणि खंड्या हमखास दिसतात, पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला असतो. उन्हाळ्यात साडेआठनंतर थांबू नका, सगळीकडे सावली नाही आणि पाणी कमी झालं की काही ठिकाणी वास येतो. संध्याकाळीही छान वाटतं पण पाणवेली साचलेल्या असतील तर दिवेलागणीला डास फोडून काढतात, तेव्हा फुल बाह्यांचे कपडे आणि डासांचं क्रीम न्या.

जायचं कसं तर सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावरून गंगापूर रोडकडे सिटीलिंकच्या शहर बस आहेत, रिक्षा आहेत, स्वतःची गाडी असेल तर अजून सोपं. म्हाताऱ्या माणसांना घेऊन अख्खा पट्टा चालायचा हट्ट करू नका. आम्ही काय करतो, आईला बाकापाशी नदी दिसेल असं बसवतो, सोबत एक मोठं माणूस थांबतं आणि बाकीचे मुलांना घेऊन पुढे जाऊन परत येतात. मुलांचा एक नियम ठरवून टाका, काठाच्या बाजूने मोठं माणूस चालणार आणि मुलं आतल्या बाजूने. पायऱ्यांवर शेवाळ असतं, कोरडी दिसणारी पायरीसुद्धा घसरते, त्यामुळे पाय बुडवायचा असेल तर तो कार्यक्रम इथे नको. सायकल, स्केट वगैरे आणणार असाल तर गर्दी वाढायच्या आत, कारण आठनंतर चालणारे खूप असतात आणि फरशा सगळीकडे सारख्या बसलेल्या नाहीत.

पिशवीत पाणी, एक जुनी चादर, नॅपकिन आणि कचऱ्यासाठी रिकामी पिशवी. टॉयलेटचं मुलांना घरूनच आटपून निघा. खायला घरचे पोहे किंवा भेळभत्ता चालतो पण खाऊन झाल्यावर पुडीचा कागद पिशवीतच गेला पाहिजे, इथे खाली टाकलेलं सगळं पुढच्या पावसात पाण्यात जातं. आणि हे पाणी खाली नांदूरमध्यमेश्वरला जातं, जिथे थंडीत दूरदूरचे पक्षी उतरतात, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा आहे ते, २०२० मध्ये दर्जा मिळाला. पुतणीला हे सांगितल्यापासून ती दुसऱ्यांची चॉकलेटची कागदंही उचलून आणते, मला तिचं फार कौतुक वाटतं.

हातात अर्धा दिवस असेल तर पुढे आनंदवल्लीला नवश्या गणपती करा. मंदिर पेशवेकाळातलं, अगदी नदीकाठी, आणि आनंदवल्ली हे नाव राघोबादादांच्या आनंदीबाईंवरून आलं असं मुलांना सांगितलं की त्यांना गोष्ट ऐकायचीच असते. त्याच रस्त्याने आणखी पुढे सोमेश्वरचं महादेव मंदिर, तिथली झाडी गार आहे, आईला ती जागा सगळ्यात जास्त आवडते. तिथून पुढचा धबधबा मात्र पावसाळ्यात लांबूनच बघायचा, खडक गुळगुळीत आहेत आणि पाण्याला ओढ भयंकर आहे, फोटोसाठी खाली उतरणाऱ्यांच्या मागे मुलांना अजिबात जाऊ देऊ नका. येताना गंगापूर रोडला कुठेही मिसळ खा, लहानांसाठी रस्सा वेगळा मागायचा आणि दही-पापड जास्तीचा.

रामकुंडाचा भाग त्याच दिवशी करू नका, मुलं कंटाळतात. तो वेगळ्या संध्याकाळी, बुधवार सोडून, कारण बुधवारी गंगेवर बाजार भरतो आणि लहानग्यांचा हात धरून चालणं अवघड होतं. गाडी रविवार कारंजाच्या अलीकडेच कुठेतरी लावा आणि होळकर पुलावरून चालत या. २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत त्यामुळे कुठला रस्ता कधी बंद असेल ते त्या दिवशी रिक्षावाल्या दादांना विचारून घेतलेलं बरं. संध्याकाळची गोदाआरती मुलांना खूप आवडते, थोडं लवकर जाऊन पायरीवर जागा धरा. १७४७ मधलं नारोशंकराचं मंदिर आणि त्याची ती मोठी घंटा दाखवा, वसईला पोर्तुगीजांवर मराठ्यांनी विजय मिळवला त्याची आठवण म्हणून ती इथे आली असं सांगतात.

आणि मग दुतोंड्या मारुती, रामकुंडाजवळ नदीपात्रातली मारुतीची उंच मूर्ती. नाशिकमध्ये पूर मोजायचा तो ह्याच्यावर, गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी असंच लोक एकमेकांना फोनवर विचारतात, आकडा नंतर. मुलांना त्याच्यासमोर उभं करा आणि आपली उंची मारुतीच्या कुठपर्यंत येते ते बघायला सांगा. आमच्याकडे दर दिवाळीच्या सुट्टीत हे मापन होतं, यंदा पुतणी बरीच वर सरकली आणि मुलगा तिच्यावर रुसून त्याच्या आईच्या कडेवर जाऊन बसला.