फोनचा बॅकअप कुठं ठेवायचा? आधी फोनमधलं जीमेल कुणाचं ते बघा

बेळगावात शहापूरला माझं लग्नपत्रिका आणि डीटीपीचं दुकान आहे. फोनशी त्याचा तसा काही संबंध नाही, पण दुकानात कॉम्प्युटर दिसला की लोक फोन पुढं करतात. खानापूरचे, निपाणीचे पाहुणे पत्रिका छापायला येतात आणि जाता जाता "एवढे फोटो तेवढे काढून ठेव की" म्हणत फोन टेबलावर टाकून चहाला जातात. असे फोन हाताळूनच मी बॅकअप शिकलो. थोडं दुसऱ्याचं नुकसान करूनही शिकलो, ते पुढं सांगतो.

येणारा प्रत्येकजण कुणाचा तरी सल्ला घेऊन आलेला असतो. एकाला सांगितलेलं असतं, सगळं क्लाउडवर (म्हणजे इंटरनेटवरच्या जागेत) टाक आणि निवांत राहा. दुसऱ्याला सांगितलेलं असतं, क्लाउडबिऊड नको, आपल्या कॉम्प्युटरवर असलेलं बरं. हे सल्ले देणाऱ्यांना मी एकच विचारतो: बॅकअपमधून कधी काही परत आणलंय का? उत्तर बहुतेक वेळा येत नाही.

माझी वाटणी साधी आहे. जे रोज बदलतं आणि हलकं असतं, म्हणजे नंबर, मेसेज, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, ते क्लाउडवर. जे जड असतं आणि एकदा काढलं की बदलत नाही, म्हणजे फोटो, व्हिडिओ, शेताच्या उताऱ्याचे पीडीएफ, ते कॉम्प्युटरवर. त्यातले जे परत मिळणारच नाहीत, असे शेदोनशे फोटो दोन्हीकडं.

आधी जीमेल

अँड्रॉइड फोनवर क्लाउड म्हणजे तुमचं गुगल खातं. आणि कितीतरी फोनांत ते खातं दुकानातल्या पोरानं फोन विकताना घाईत काढून दिलेलं असतं. पासवर्ड त्यालाच माहीत, तोही त्या दिवसापुरता. प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातल्या गोल चित्रावर बोट ठेवा, जीमेलचा पत्ता दिसेल. आता तोच पत्ता आणि पासवर्ड घालून कॉम्प्युटरवर आत जाऊन दाखवा. जाता आलं नाही तर तो बॅकअप तुमचा नाही असं समजून चाला, आणि फोन चालू आहे तोवर पासवर्ड बदलून घ्या. रिकव्हरीसाठी दिलेला नंबर आज तुमच्या खिशात असलेल्या सिमचाच आहे ना, तेही त्याच बैठकीत बघा. हे होईपर्यंत पुढचं वाचू नका.

क्लाउडवर किती मावतं

गुगल फुकटात १५ जीबी देतं आणि त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघंही जेवतात. १ जून २०२१ च्या आधी थोड्या कमी दर्जाचे फोटो या हिशेबात धरत नव्हते. बऱ्याच जणांच्या डोक्यात अजून तेच दिवस आहेत. व्हॉट्सअ‍ॅपचा अँड्रॉइडवरचा बॅकअपही आधी मोजला जात नव्हता, २०२४ पासून तोही याच पंगतीला बसला. त्यामुळं लग्नाचे चार व्हिडिओ वर गेले की जागा संपते, आणि जागा संपली की बॅकअप गुपचूप थांबतो. वर येणारी लाल खूण कोण बघतंय?

वेगाचंही गणित करा. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला वर पाठवायचा वेग २ एमबीपीएस मिळाला, तर २० जीबी चढायला सलग २२ तास लागतात. पावसाळ्यात तिकडं सलग २२ तास लाइट असेल अशी पैज मी लावणार नाही. फोटो चढवायचेच असतील तर 'स्टोरेज सेव्हर' निवडा. फोटो जास्तीत जास्त १६ मेगापिक्सेलचा होतो, घरच्या वापराला पुरून उरतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. गुगल फोटोज हा आरसा आहे, कपाट नव्हे. फोनमध्ये जागा हवी म्हणून तिथून फोटो डिलीट केलात तर वरचाही जातो. ६० दिवस बिनमध्ये पडून राहतो, मग कायमचा. फक्त फोनमधली जागा मोकळी करायची असेल तर त्यासाठी 'फ्री अप स्पेस' असा वेगळा पर्याय आहे, तोच दाबायचा. आणि जुना फोन ड्रॉवरमध्ये टाकून "त्याचा बॅकअप वर आहेच की" म्हणणाऱ्यांनो, फोन ५७ दिवस वापरला नाही तर फोटो-व्हिडिओ सोडून त्याचा बाकीचा बॅकअप गुगल पुसून टाकतं.

कॉम्प्युटरवर घेताना

हे सोपं आहे. डेटा जाणारी केबल लावा (नुसती चार्जिंगची नको), फोनवर 'फाइल ट्रान्सफर' निवडा, डीसीआयएम फोल्डर (कॅमेऱ्याचे फोटो त्यातच असतात) कॉपी करा. कॉपी म्हणतोय, कट नाही. केबल सैल असते, मध्येच तुटते, आणि कट केलेली फाइल ना इकडं ना तिकडं. झाल्यावर दोन्हीकडचा फाइलींचा आकडा जुळवा आणि शेवटचे दोनचार व्हिडिओ चालवून बघा.

पेनड्राइव्हवर माझा विश्वास नाही. तो हरवायलाच जन्माला येतो. शिवाय जुन्या, एफएटी-३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी एक फाइल त्यावर बसतच नाही. बाहेरून लावायची हार्ड डिस्क घ्या, आणि ती कॉम्प्युटर असतो त्याच खोलीत ठेवू नका. ऑगस्ट २०१९ च्या पावसात माझ्या दुकानात गुडघाभर पाणी शिरलं. सीपीयू जमिनीवर, हार्ड डिस्क त्याच्याच शेजारच्या खालच्या कप्प्यात. दोन्ही एकाच रात्री गेले. आता डिस्क घरी माडीवरच्या ट्रंकेत असते आणि महिन्यातून एकदा दुकानात येते.

व्हॉट्सअ‍ॅप: इथं मी आपटलो

माझी आत्या नंदगडला असते, तिचा मुलगा बेंगळूरला. नातू बोलायला लागल्यापासूनचे त्याचे आवाज आत्याच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये होते. तिचा फोन हौदात पडला. मुलानं नवा पाठवला, तो चालू करून द्यायला मी गेलो. सिम घातलं, जीमेल घातलं, व्हॉट्सअ‍ॅप उतरवायला लावलं आणि पाणी प्यायला आत गेलो. परत येतो तर व्हॉट्सअ‍ॅप कोरं करकरीत.

"आत्या, काय दाबलीस?"

"मी काय केलो नाही रे. दोन बटणं आली, मी आपलं नुस्तं स्किप दाबलो की."

इथवर काहीच बिघडलं नव्हतं. बिघडवलं मी. "असू दे, रविवारी येऊन बघतो" म्हणालो, आणि वर शहाणपणानं रोजचा बॅकअप चालू करून दिला. रात्री त्या कोऱ्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप वर गेला आणि जुन्या बॅकअपच्या जागी जाऊन बसला. एका खात्यात एका नंबरचा एकच बॅकअप राहतो, नवा आला की जुना गेला. रविवारी मी परत गेलो तेव्हा परत आणायला काही उरलंच नव्हतं.

म्हणून आता हा टप्पा मी कुणाच्याही हाती देत नाही. मध्ये फोन वाजला तरी उचलत नाही. तुम्हीही असंच करा.

जुना फोन चालू असताना व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'चॅट्स' आणि त्यात 'चॅट बॅकअप' उघडा. तीन गोष्टी कागदावर उतरवा: शेवटचा बॅकअप कधीचा, तो कुठल्या जीमेलवर आहे, आणि 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' (म्हणजे कुलूप लावलेला बॅकअप) चालू आहे की बंद. मग वायफायवर 'बॅक अप' दाबा आणि पूर्ण होईपर्यंत फोन हातातून सोडू नका. व्हिडिओ घेण्याचा पर्याय बंदच ठेवा. व्हिडिओ आपण हार्ड डिस्कवर नेणार आहोत.

नव्या फोनवर आधी तेच जीमेल, मग व्हॉट्सअ‍ॅप, मग तोच नंबर. 'रिस्टोअर' (म्हणजे परत आणू का) विचारेल, तो दाबायचा. तो पर्याय आलाच नाही तर पुढं जाऊ नका, जीमेल किंवा नंबर वेगळा आहे. चुकून 'स्किप' दाबलं गेलंच तर बॅकअप चालू करू नका, कुणाला मेसेजही पाठवत बसू नका. त्याच तासाला व्हॉट्सअ‍ॅप काढून टाका आणि पुन्हा घाला. 'रिस्टोअर' परत विचारतं. आत्याच्या घरी मला हे एवढंच करायचं होतं.

आता नंबरचं. आपल्याकडं दोन सिमं असणं नवीन नाही. एक कर्नाटकातलं, एक कोल्हापुरात शिकायला असताना घेतलेलं किंवा सीमेपलीकडच्या शिनोळीच्या कारखान्यात कामाला जाताना घेतलेलं. व्हॉट्सअ‍ॅप जुन्या नंबरावर, रिचार्ज नव्या नंबराला. रिचार्ज नसलेला नंबर काही महिन्यांनी बंद पडतो आणि पुढं दुसऱ्या कुणाला मिळतो. मग ओटीपी येत नाही, आणि ओटीपीशिवाय त्या नंबरचा बॅकअप उघडत नाही. जुना नंबर सोडायचा असेल तर दोन्ही सिमं जिवंत असताना व्हॉट्सअ‍ॅपमध्येच 'चेंज नंबर' करून घ्या, मगच सिम फेका.

पासवर्डाचा घोळ याहून वाईट. एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केलात तर एक पासवर्ड ठेवावा लागतो किंवा ६४ आकडी किल्ली मिळते. तो पासवर्ड विसरलात आणि जुना फोनही गेला, तर तो बॅकअप व्हॉट्सअ‍ॅपलाही उघडता येत नाही आणि गुगललाही नाही. लोक याची गल्लत सहा आकडी पिनशी करतात. पिन वेगळा. तो नंबर नोंदवताना विचारतात. तो विसरला आणि ईमेल दिलेला नसेल तर सात दिवस थांबून काम होतं. बॅकअपच्या पासवर्डाला सात दिवस नाहीत आणि सात महिनेही नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: कागदावर लिहून ठेवायची सवय नसेल तर एन्क्रिप्शन चालूच करू नका. सुरक्षिततेवर भाषण देणारे यावर चिडतील. चिडू देत. आजवर माझ्या टेबलावर चोरीला गेलेल्या बॅकअपची तक्रार आलेली नाही, न उघडणाऱ्या बॅकअपच्या मात्र कितीतरी.

दोन्ही फोन चालू स्थितीत हातात असतील तर यातलं काहीच नको. 'ट्रान्सफर चॅट्स' मध्ये जाऊन क्यूआर कोड दाखवला की एका अँड्रॉइडवरून दुसऱ्या अँड्रॉइडवर सगळं थेट जातं. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यांनी मात्र नीट ऐका: ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोन वाचत नाही. जुना फोन विकण्याआधी 'मूव्ह टू आयओएस' या अ‍ॅपमधूनच चॅट न्यावं लागतं.

आणि कॉम्प्युटर जोडलेला असतानाच 'अँड्रॉइड' फोल्डरमधल्या 'मीडिया' मध्ये जाऊन व्हॉट्सअ‍ॅपचा अख्खा फोल्डर हार्ड डिस्कवर घ्या. त्यातले फोटो, व्हिडिओ, व्हॉइस मेसेज कॉम्प्युटरवर चालतात. आत्याचा फोन हौदात पडायच्या आधी कुणी हे एकदा केलं असतं तरी पोराचा आवाज राहिला असता.

आयफोनवाले

आयक्लाउडवर फुकटात ५ जीबीच मिळतात, त्यात पूर्ण फोन मावत नाही. एक तर महिन्याला पैसे भरा किंवा कॉम्प्युटरवर घ्या. कॉम्प्युटरवर घेताना 'एन्क्रिप्ट' ची खूण करा, नाहीतर साठवलेले पासवर्ड आणि हेल्थची माहिती त्यात येत नाही. इथं मी वर म्हणालो त्याच्या उलट सांगतोय, ते कळतंय मला. पासवर्ड कागदावर लिहा म्हणजे झालं.

यूपीआय आणि बँकेची अ‍ॅपं कुठल्याच बॅकअपमधून चालू स्थितीत परत येत नाहीत, नव्या फोनवर सिम घालून पुन्हा नोंदवायची.

पासवर्डाचा कागद कुठं ठेवायचा तेही लोक विचारतात. फोनच्या कव्हरमध्ये नको, फोनबरोबरच जाईल. आत्यानं तिचा रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलाय, चार घड्या घालून. वर निळ्या पेनानं लिहिलंय: गॅसवाल्याचा नंबर. चोराला कळू नये म्हणून.